मुखपृष्ठाचा सौदा

लंडनमध्ये बाफ्टा पुरस्कारांचा सोहळा आटोपला आहे आणि नटनट्यांची मेजवानी रंगात आली आहे. सिडनी यंग या पत्रकाराला तिथे कुणी बोलावलेलं नाही. तो सोबत एक डुक्कर घेऊन येतो, हेच ‘बेब’ चित्रपटातलं गाजलेलं डुक्कर असं खुशाल सांगतो आणि आत शिरकाव करून घेतो. थोड्याच वेळात डुक्कर उधळतं आणि मेजवानीचा पार विचका होतो. ‘हाऊ टु लूज फ्रेंड्स अँड एलिअनेट पीपल’ हा २००८ सालचा चित्रपट असा सुरू होतो.

चित्रपटाचा सगळा विषय या सलामीतच येऊन जातो. जिथे माणसाला मज्जाव, तिथे प्रसिद्ध जनावराला वाट मिळते आणि माणूस त्याच्या मागून आत जातो. सिडनीला हे झगमगतं जग हास्यास्पद वाटतं, त्या जगाची टर उडवण्यावरच त्याचं पोट चालतं. तरीही त्या दारातून आत जायला मिळावं म्हणून तो जिवाचा आटापिटा करतो.

प्रसिद्धीच्या वेडावर आणि गुळगुळीत कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांवर विनोदी चित्रपट पुष्कळ निघाले. त्यांतल्या बहुतेकांत तारका बिनडोक असते, संपादक खाष्ट असतो आणि साधासरळ नायक किंवा नायिका शेवटी त्या जगाकडे पाठ फिरवून मोकळी होते. हा सगळा मालमसाला याही चित्रपटात आहे. पण त्याने नेमकं बोट ठेवलं आहे ते एका सौद्यावर. मोठ्या ताऱ्याची मुलाखत आणि मुखपृष्ठासाठी त्याचा फोटो हवा असेल, तर मासिकाने बदल्यात काय द्यायचं, आणि ते ठरवणार कोण? हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारणारा दुसरा विनोदी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. तो प्रदर्शित झाला तेव्हा फारसा चालला नाही आणि समीक्षकांनीही त्याला हातचं राखूनच दाद दिली. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, आणि पाहून विसरलेल्यांसाठीही, त्याची पूर्वपीठिका सांगावी असं मला मनापासून वाटतं.

चित्रपटाला आधार आहे टोबी यंग या इंग्रज पत्रकाराच्या २००१ सालच्या आठवणींचा. पुस्तकाचं नाव डेल कार्नेगीच्या १९३६ सालच्या, मित्र कसे जोडावेत हे शिकवणाऱ्या पुस्तकाचं नाव उलटं करून घेतलेलं. यंगने १९९१ साली ज्युली बर्चिल आणि कॉस्मो लँड्समन यांच्याबरोबर लंडनमध्ये ‘द मॉडर्न रिव्ह्यू’ नावाचं नियतकालिक काढलं. हॉलिवूडचे मारधाडपट, पॉप गाणी, टीव्हीवरच्या मालिका अशा ‘हलक्या’ मानल्या जाणाऱ्या गोष्टींवर प्राध्यापकी गांभीर्याने लिहायचं, हा त्याचा बाणा होता. १९९५ मध्ये आपसातल्या भांडणात ते बंद पडलं आणि यंग न्यूयॉर्कला ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये दाखल झाला. तिथे त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याची एकही संधी सोडली नाही. अमेरिकेत तेव्हा वर्षातून एक दिवस नोकरदार आईबाप आपल्या मुलींना कार्यालय दाखवायला आणत. नेमक्या त्याच दिवशी त्याने एका सहकाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त कपडे उतरवून नाचणारी बाई बोलावली होती. काही वर्षांत त्याला नारळ मिळाला. पुस्तक निघालं ते या नापास कारकिर्दीवर, आणि त्या पुस्तकाने त्याला ती प्रसिद्धी दिली जी मासिकाने कधी दिली नव्हती. त्यावर लंडनमध्ये एकपात्री नाटकही झालं. काही काळ खुद्द यंगनेच त्यात काम केलं.

पटकथा पीटर स्ट्रॉनची. पुढे ‘कॉन्क्लेव्ह’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवणारा तोच हा स्ट्रॉन. दिग्दर्शक रॉबर्ट वाइडी अमेरिकन टीव्हीवरच्या ‘कर्ब युवर एन्थुझिॲझम’ या विनोदी मालिकेतून आलेला. सिडनी झाला आहे सायमन पेग. पेगमध्ये एक गुण आहे: तो कितीही आगाऊपणा करो, चेहऱ्यावरचं लहान मुलाचं कुतूहल काही जात नाही. हे नसतं तर सिडनी पहिल्या वीस मिनिटांत असह्य झाला असता. न्यूयॉर्कच्या ‘शार्प्स’ मासिकात पहिल्याच दिवशी तो अश्लील मजकूर छापलेला टीशर्ट घालून जातो. ‘शार्प्स’ म्हणजे ‘व्हॅनिटी फेअर’ आणि त्याचा संपादक क्लेटन हार्डिंग म्हणजे यंगचा तिथला संपादक ग्रेडन कार्टर, हे कुणी सांगायची गरज पडत नाही.

या कार्टरची कहाणी समजल्याशिवाय जेफ ब्रिजेसने उभा केलेला हार्डिंग पुरता कळत नाही. १९४० साली जॉर्ज क्यूकरचा ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ आला. त्यात जेम्स स्टुअर्ट एका चहाटळ मासिकाचा बातमीदार आहे. श्रीमंत घरातल्या लग्नाची आतली बातमी काढायला त्याला पाठवलं जातं आणि त्या कामाची त्याला मनातून लाज वाटते. त्या काल्पनिक मासिकाचं नाव ‘स्पाय’. १९८६ साली कार्टर आणि कर्ट अँडरसन यांनी न्यूयॉर्कमध्ये थट्टेखोर मासिक काढलं, तेव्हा हेच नाव उचललं. ‘स्पाय’ने शहरातल्या बड्या धेंडांची भंबेरी उडवली. १९९० मध्ये त्यांनी केलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. त्यांनी ५८ धनाढ्य आणि प्रसिद्ध माणसांना परताव्याच्या नावाखाली १ डॉलर ११ सेंटचा धनादेश पाठवला. ज्यांनी तो वटवला त्यांना पुढे ६४ सेंटचा, आणि ज्यांनी तोही वटवला त्यांना १३ सेंटचा. शेवटचा धनादेश बँकेत भरणारे दोघेच निघाले: शस्त्रांचा दलाल अदनान खशोगी आणि डोनाल्ड ट्रम्प.

दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, टीना ब्राऊन ‘न्यूयॉर्कर’कडे गेली आणि ‘व्हॅनिटी फेअर’च्या संपादकाच्या खुर्चीत कार्टर बसला. कालपर्यंत ज्यांची टोपी उडवली, तीच माणसं आता मुखपृष्ठावर हवी होती. १९९४ पासून ‘व्हॅनिटी फेअर’ची ऑस्करच्या रात्रीची मेजवानी सुरू झाली आणि तिथलं निमंत्रण हॉलिवूडमधल्या प्रतिष्ठेचा पुरावा ठरलं. चित्रपटातला हार्डिंगही असाच, एकेकाळी बड्यांची रेवडी उडवणारं पत्र चालवलेला. सिडनी त्याला देव मानतो तो त्या जुन्या दिवसांसाठी. आणि हार्डिंग सिडनीला नोकरी देतो, मारून मुटकून का होईना ठेवून घेतो, कारण या वेडपट पोरात त्याला स्वतःचं गमावलेलं तारुण्य दिसत असावं. ब्रिजेस हे कुठेही बोलून दाखवत नाही. संतापाने बोलता बोलता तो मध्येच थांबतो आणि सिडनीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहतो. या चित्रपटातला सगळ्यात सखोल अभिनय माझ्या मते हा आहे.

यंगच्या पुस्तकात संपादकाने त्याला दिलेली एक समज आहे. तुला वाटतं तू पोहोचलास, पण तू पहिल्या खोलीत आहेस. तिच्यामागे आणखी खोल्या आहेत, एकूण सात, आणि पुढचं दार कुठे आहे हेही पुष्कळांना कधी कळत नाही, असा तिचा आशय. या जगाची रचना इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितली असेल. बाहेरच्याला वाटतं आत आणि बाहेर अशा दोनच जागा आहेत. आत गेलेल्याला मात्र कळतं की इथे प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या दाराबाहेर ताटकळत उभा आहे.

आता त्या सौद्याकडे येतो. १९५७ साली अलेक्झांडर मॅकेंड्रिकचा ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ आला. तो विनोदी नाही, चांगलाच काळोखा आहे. पण आपल्या चित्रपटाचा तो थोरला भाऊ आहे. त्यात बर्ट लँकेस्टर स्तंभलेखक हनसेकर झाला आहे. ही व्यक्तिरेखा वॉल्टर विंचेलवरून बेतलेली, ज्याच्या स्तंभात नाव आलं की नशीब फळफळायचं आणि ज्याच्या मर्जीतून उतरलं की धंदा बसायचा. टोनी कर्टिस त्यात प्रसिद्धी-दलाल आहे. योगायोगाने त्याचंही नाव सिडनी. ‘ट्वेंटीवन’ क्लबमध्ये हनसेकर एका सिनेटरबरोबर टेबलाशी बसला आहे आणि हा दलाल त्याच्या पाठीमागे खुर्ची ओढून बसतो. त्याला टेबलाशी जागा नाही. अशिलाचं नाव छापून यावं यासाठी तो वाटेल तो अपमान गिळतो.

वाइडीच्या चित्रपटात, अवघ्या अर्धशतकानंतर, जागांची अदलाबदल झाली आहे. जिलियन अँडरसनने साकारलेली एलेनॉर जॉन्सन ही प्रसिद्धी-दलाल टेबलाच्या मुख्य बाजूला आहे आणि संपादकापासून नव्या बातमीदारापर्यंत सगळे तिच्या मेहेरबानीची वाट पाहत आहेत. नवी तारका सोफी मेस आणि तरुण दिग्दर्शक व्हिन्सेंट लेपॅक हे दोघे तिच्या पंखाखाली. मुखपृष्ठावर सोफी हवी असेल, तर आधी लेपॅकवर मोठा लेख यायला हवा; तो कौतुकाचा हवा; छापण्याआधी तो तिच्या नजरेखालून जायला हवा.

ही अदलाबदल का झाली? जुन्या हॉलिवूडमध्ये नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर होत्या. त्यांची कीर्ती-अपकीर्ती सांभाळायला स्टुडिओचंच खातं असे आणि ते खातं स्तंभलेखकांना धरून राही. ती व्यवस्था मोडली, तारे स्वतःचे मालक झाले, आणि प्रत्येकाने आपला प्रसिद्धी-दलाल नेमला. दुसरीकडे मासिकांची मदार मुखपृष्ठावर आली. टपरीवर उभा असलेला गिऱ्हाईक चेहरा पाहून अंक उचलतो; अत्तरं, घड्याळं आणि उंची कपडे विकणाऱ्या कंपन्यांनाही त्याच चेहऱ्यांच्या शेजारी जाहिरात हवी असते. चेहरे मोजके आणि मासिकं भरपूर, म्हणजे भाव कोण ठरवणार हे उघड आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पॅट किंग्सली या दलालबाईंनी हे बळ पूर्ण ओळखलं. कुणी लिहायचं, काय विचारायचं नाही, कुठला फोटो छापायचा, या अटी त्या घालत. आणि एका ताऱ्याबाबत मासिकाने आगळीक केली, तर त्यांच्याकडचे बाकीचे सगळे तारे त्या मासिकाला बंद. टॉम क्रूझ त्यांचा अशील होता. २००४ मध्ये त्याने त्यांना दूर केलं आणि पुढच्याच वर्षी तो ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात सोफ्यावर उड्या मारताना जगाला दिसला. दलाल काय झाकत असतो, ते त्या दिवशी पुष्कळांच्या लक्षात आलं.

सिडनी सुरुवातीला अडून बसतो. लेपॅकचं ढोंग त्याला उघडं पाडायचं आहे. पण असा लेख ‘शार्प्स’मध्ये छापूनच येणार नाही, हे त्याला कळून चुकतं. मग एके दिवशी तो मान तुकवतो आणि एलेनॉरला हवं ते लिहून देतो. इथून पुढचा भाग मला या चित्रपटाचं खरं काळीज वाटतो. सिडनी चढत जातो. कपडे सुधारतात, टेबलं सुधारतात, काल तोंड फिरवणारी माणसं नावाने हाक मारतात. नायकाची घसरण दाखवायला एरवी दारू, कर्ज, तुरुंग लागतात. इथे ती बढतीच्या रूपात येते, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर प्रेक्षकालाही थोडं बरं वाटतं. आपण त्याच्याबरोबर विकले जातो, आणि ते आपल्याला कळतं.

सोफीच्या गाजलेल्या चित्रपटाची झलकही मुद्दाम निरखून पाहावी. तरुणपणीच्या मदर तेरेसांवर बनवलेला प्रणयपट, आणि तेरेसांच्या भूमिकेत मेगन फॉक्स! कोलकात्यात महारोग्यांच्या जखमा धुणाऱ्या बाईच्या आयुष्यातून हॉलिवूडला पुरस्काराजोगी प्रेमकथा तेवढी दिसावी, यातलं विडंबन भारतीय प्रेक्षकाला अंमळ जास्तच बोचेल. झलक इतकी हुबेहूब जमली आहे की प्रकाशयोजना, संगीत आणि भारदस्त निवेदन यांत खोट काढायला जागा नाही.

सिडनीचे वडील मध्येच न्यूयॉर्कला येतात. बिल पॅटरसनने रंगवलेले हे शांत, विचारवंत गृहस्थ थोडाच वेळ दिसतात, पण त्यांच्यामुळे चित्रपटाला वजन येतं. टोबी यंगचे वडील मायकेल यंग हे ब्रिटनमधले मोठे समाजशास्त्रज्ञ. मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा त्यांनी लिहिला होता. १९५८ साली त्यांनी ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ हे उपरोधिक पुस्तक लिहिलं. बुद्धी आणि मेहनत यांच्या मापाने माणसांची उतरंड लावणारा समाज शेवटी किती क्रूर होईल, याचं चित्र त्यात आहे. बापाने गुणांच्या उतरंडीचा धोका सांगितला आणि मुलगा अशा गावी गेला जिथे उतरंड निव्वळ प्रसिद्धीची होती. चित्रपट हा धागा बोलून दाखवत नाही, पण वडिलांसमोर सिडनीचा आवाज का पडतो, ते यावरून उमगतं.

उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. सोफीच्या छोट्या कुत्र्याच्या मृत्यूवरचा विनोद ओढूनताणून आणला आहे. आडदांड हशाची गरज वाइडीला वारंवार वाटते आणि प्रत्येक वेळी मूळ मुद्दा पातळ होतो. सगळ्यात मोठी उणीव शेवटाची. सिडनीची सहकारी ॲलिसन ही मनातून कादंबरीकार. कर्स्टन डन्स्टने तिला सच्चेपणा दिला आहे. तिचा आवडता चित्रपट फेलिनीचा ‘ला दोल्चे व्हिता’. १९६० सालच्या त्या चित्रपटातला मार्चेल्लोही साहित्यिक व्हायची स्वप्नं पाहत रोमच्या व्हिया व्हेनेतोवर चहाटळ बातम्या गोळा करत फिरतो. फेलिनी त्याला सोडवत नाही. शेवटी समुद्रकाठी एक निरागस मुलगी त्याला दुरून काही सांगते, ते त्याला ऐकू येत नाही आणि तो आपल्या मंडळींत परत जातो. वाइडीचा सिडनी मात्र पुरस्कार-समारंभात जाहीर गोंधळ घालून एका फटक्यात शुद्ध होतो आणि न्यूयॉर्कमध्ये उघड्यावर चाललेल्या ‘ला दोल्चे व्हिता’च्याच खेळात ॲलिसनला गाठतो. फेलिनीला साक्षीला बोलावून त्याच्या नेमकं उलट बोलावं, हे मला खटकतं. ज्याने सौदा केला, त्याची सुटका इतकी स्वस्तात होऊ नये. ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ दोन वर्षं आधी, २००६ मध्ये आला. तोही ‘व्हॅनिटी फेअर’च्याच प्रकाशनसमूहाच्या ‘व्होग’वर बेतलेला, आणि तोही नायिकेला असंच अलगद बाहेर काढतो.

मुंबईच्या वाचकाला हे सगळं परकं वाटणार नाही, कारण या धंद्याचा आपला स्वतःचा मोठा इतिहास आहे. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल १९३५ पासून मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ काढत. त्यांच्या लेखणीला भल्याभल्यांचा थरकाप होई. हनसेकरचा दरारा आपल्याकडे कुणाचा असेल तर त्यांचा. आणि त्यांनाही आत जायचं होतंच. गायिका सुशीलाराणींना नायिका करून त्यांनी ‘द्रौपदी’ आणि ‘ग्वालन’ हे चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले. १९७१ मध्ये नारी हिरांनी ‘स्टारडस्ट’ सुरू केलं आणि त्यांच्याच जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे, संपादक झाल्या. ते मासिक ताऱ्यांना डिवचत असे. अमिताभ बच्चन यांचा त्याच्याशी अबोला वर्षानुवर्षं टिकला. पुढे तराजू इकडेही उलटला. २००३ मध्ये टाइम्स समूहाने ‘मीडियानेट’ आणलं आणि पुरवण्यांतली जागा मजकुरासाठी पैसे घेऊन देण्याचा व्यवहार राजरोस झाला. मधुर भांडारकरचा ‘पेज थ्री’ २००५ चा. तो हसवण्यापेक्षा हादरवतो, पण अतुल कुलकर्णीने केलेला गुन्हे-बातमीदार विनायक माने आणि कोंकणा सेन शर्माची माधवी यांच्यातली दरी ही सिडनी आणि ॲलिसन यांच्या जगातलीच दरी आहे. न्यूयॉर्कमध्ये मजकुराच्या बदल्यात मुलाखत मिळे. मुंबईत मजकुराचं दरपत्रक निघालं.

कार्टरने २०१७ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ सोडलं. आता तारे आपले फोटो स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकतात आणि मुखपृष्ठावाचून त्यांचं फारसं अडत नाही. टोबी यंग २०२५ मध्ये ब्रिटनच्या उमराव सभागृहात जाऊन बसला. मासिकं दुबळी झाली म्हणून दलाल दुबळे झाले असं मात्र घडलेलं नाही. आज त्यांना अटी घालायला समोर संपादकही लागत नाही.

चित्रपट पाहायला बसाल तेव्हा शक्य असेल तर ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ आधी पाहा, निदान क्लबमधला तो टेबलाचा प्रसंग तरी. मग एलेनॉर जॉन्सन पहिल्यांदा पडद्यावर येईल तेव्हा तिच्याभोवती कोण उभं आहे आणि कोण बसलं आहे, तिकडे लक्ष ठेवा.